बॉबिनचे सात टाके

सगळं सुरू झालं ते एका काळ्या रिळावरून. नवरदेवाचा कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. अस्तर बसलेलं, कॉलर झकास उभी राहिलेली, फक्त बाह्यांना टीप मारायची बाकी, आणि नेमकं काळ्या दोऱ्याचं रीळ गायब. मास्तरांनी कटिंगचं टेबल पालथं घातलं, मशीनचा खण उपसला, स्वतःच्याच शर्टाचा खिसा तीनदा चाचपला, आणि मग नेहमीप्रमाणे गाडी आईवर घसरली. आई मागच्या खोलीत काजं करत बसली होती. ती सुई न थांबवता म्हणाली की तुमची रिळं मी काय खाते काय.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. अख्खा रस्ता त्यांना मास्तरच म्हणतो. घरात ते बाबा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि रस्त्यावरून दुकानात चढायला तीन दगडी पायऱ्या. या तीन पायऱ्या लक्षात ठेवा, त्या पुढे लागणार आहेत. घरात माणसं तीन. मास्तर, आई आणि बारकी. बारकी बावीस वर्षांची झाली, थोरली लग्न होऊन लांब गेली, आता हिच्यापेक्षा मोठं भावंड घरात कुणी नाही, तरी ही आपली बारकीच. बायकांची मापं घेणं, फोन उचलणं, तारखा देणं ही तिची कामं, आणि "मी बघते" हा तिचा मंत्र. काहीही होऊ दे, ती हात वर करून म्हणणार, मी बघते. एकदा इस्त्रीची वायर ती बघायला गेली तर अर्ध्या रस्त्याची वीज गेली. तेव्हापासून मास्तरांनी या दोन शब्दांचा धसकाच घेतला होता.

आणि चौथी बॉबिन. तपकिरी कुत्री, एक कान उभा, एक पडलेला. तीन वर्षांपूर्वी चिंध्यांच्या पोत्यात सापडली तेव्हा खरंच मशीनच्या बॉबिनएवढी होती, म्हणजे निदान मास्तर तरी तसं सांगतात. रोज सकाळी रस्त्यावर एक चक्कर मारायची, तीन पायऱ्या तीन उड्यांत चढायच्या आणि टेबलाखाली मास्तरांच्या पायावर हनुवटी टेकून पडायचं, हा तिचा कामाचा दिवस. मास्तर म्हणायचे, ती पायावर नसली तर माझी टीप वाकडी जाते.

तर रीळ. बारकी टेबलाखाली वाकली आणि बघते तर काय, बॉबिन चिंध्यांचं गोल घरटं करून बसलेली, आणि तिच्या पोटाशी पाच रिळं. काळं, पांढरं, दोन खाकी, एक नुसतं रिकामं लाकडी. ती काळं रीळ चाटत होती. असं मन लावून, हळूहळू, की बारकीला हसावं की काय तेच कळेना. मास्तरांनी हात पुढे केला. आणि ज्या कुत्रीनं तीन वर्षांत झुरळावरसुद्धा आवाज चढवला नव्हता, ती मास्तरांवर गुरगुरली.

मास्तरांचा हात हवेतच राहिला. कोट शेवटी गडद निळ्या दोऱ्यावर गेला. नवरदेवाला कळलं नाही, त्याच्या सासऱ्याला कळलं नाही, पण मास्तरांना तो निळा दोरा आजही रात्री टोचतो.

दुसऱ्या दिवशी बारकी बॉबिनला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. जनावरांच्या डॉक्टर त्या, दोन गल्ल्या सोडून दवाखाना, केस करकचून बांधलेले आणि बोलणं तसंच, अघळपघळ काही नाही. त्यांनी बॉबिनचं पोट चाचपलं, एक आचळ दाबलं, तर दुधाचा थेंब. पिल्लू नाही, काही नाही, आणि दूध. बाई म्हणाल्या, हिच्या शरीराची फसगत झाली आहे, हिला वाटतंय हिला पिल्लं झालीत. माजावर येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांनी असं होतं कुत्र्यांमध्ये.

माज म्हटल्यावर बारकीला सगळं आठवलं. दोन महिन्यांपूर्वी दुकानाच्या दारात सकाळपासून तीन कुत्रे बसायचे, जसे काही माप द्यायला आलेत. गिऱ्हाइकांना त्यांना ओलांडून यावं लागायचं. आई मास्तरांची मोजपट्टी घेऊन पायरीवर पहारा द्यायची, आणि त्यातला एक, खांद्यावर पांढरा ठिपका असलेला, तो तर पट्टीचा फटका खाऊन पुन्हा दहा मिनिटांत हजर.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. हे दर वेळी होऊ शकतं. शिवाय वय वाढेल तसं गर्भाशयात पू होण्याची भीती असते, तेव्हा मग घाईघाईत, आजारी कुत्रीवर ऑपरेशन करावं लागतं. आत्ता तब्येत ठणठणीत आहे. दूध आटू दे, महिना-सव्वा महिना जाऊ दे, मग आणा, नसबंदी करून टाकू. गर्भाशय, अंडाशय दोन्ही काढलं की प्रश्न मिटला.

बारकीनं तिथेच मान हलवली. मी बघते, म्हणाली.

घरी आल्यावर मात्र मास्तरांनी सरळ नाही म्हटलं. त्यांचं एक तत्त्व आहे, धडधाकट कापडाला विनाकारण कात्री लावायची नाही. खातंय, पितंय, उड्या मारतंय, अशा जनावराचं पोट फाडायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि मग ते खालच्या आवाजात म्हणाले, ती बिचारी आई व्हायला बघतेय आणि तू तिची कूसच कापायला निघालीस.

यावर बारकी गप्प बसली असती तर ती बारकी कसली. ती म्हणाली, "बाबा, ती रिळांची आई झालीय. दर सहा महिन्यांनी तिला पाच रिळं होणार आणि दर सहा महिन्यांनी ती रडणार, कारण तुम्ही ती काढून घेणार. हे तुम्हाला बरं वाटतं?"

मास्तरांनी आईकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं आई त्यांच्या बाजूनं असेल. आई काजातून मान वर न काढता म्हणाली की कळा सोसायच्या तिनं, पिल्लांना घरं शोधत दारोदार फिरायचं आम्ही, आणि मत मात्र तुमचं, छान आहे.

 तिसऱ्या दिवशी मात्र, कापडावर खडूनं रेघ मारता मारता, वर न बघता, त्यांनी अट घातली. "कर काय करायचं ते. पण दहा दिवसांत ती या तीन पायऱ्या पहिल्यासारखी आपल्या पायांनी चढून माझ्या टेबलाखाली आली पाहिजे. नाही आली, तर या घरात पुन्हा 'मी बघते' म्हणायचं नाही. कशालाच."

बारकी चालेल म्हणाली. पटकन म्हणाली, आणि म्हटल्यावर आपण किती मोठी पैज घेतली ते कळलं. कारण हे नुसतं बॉबिनचं नव्हतं. दुकानात पुढे काय करायचं, नवीन मशीन घ्यायचं की नाही, कुणाची ऑर्डर घ्यायची, यातलं काहीतरी कधीतरी आपल्या हातात येईल याची ती वाट बघत होती, आणि ते सगळं आता बॉबिनच्या पोटावर येऊन बसलं. पण चेहऱ्यावर दाखवेल तर शपथ.

सव्वा महिना गेला. दूध आटलं, रिळांवरचा जीव उडाला, एके दिवशी बॉबिन काळं रीळ तुडवून पाणी प्यायला गेली. बारकीनं तारीख घेतली. आदल्या रात्री नऊनंतर खायला काही नाही, असं बाईंनी बजावलं होतं, भूल द्यायची असते म्हणून. बारकीनं बिस्किटांचा डबा कुलूप लावून कपाटात ठेवला आणि किल्ली गळ्यात घातली, कारण बॉबिनपेक्षा तिला बाबांचीच धास्ती होती. आणि बरोबरच होतं ते. रात्री साडेनऊला मास्तर कपाटाचं कुलूप हलवून बघताना सापडले. म्हणाले, लागलंय का नीट ते बघत होतो.

ऑपरेशनला मी येणार नाही, असं मास्तरांनी आधीच जाहीर केलं होतं, मला कामं आहेत. बारकी एकटीच गेली. बॉबिनला आत नेलं, दार बंद झालं, आणि बाकावर बसून पाच मिनिटं झाली असतील नसतील तोच मास्तर हजर. गळ्यात टेप तसाच, कानावर खडू तसाच, एका पायात घरातली चप्पल आणि दुसऱ्या पायात बाहेरची. इकडून चाललो होतो, म्हणाले. बारकीनं चपलांकडे एकदा बघितलं. बाजूला सरकून जागा दिली. मग तासभर मास्तरांनी त्या टेपनं बाक मोजला, खिडकी मोजली, समोरचं दार मोजलं. दार वरच्या बाजूला अर्ध्या इंचानं बारीक आहे, असं त्यांनी बारकीला हळूच सांगितलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, सगळं व्यवस्थित झालं म्हणाल्या. बॉबिन आत पडली होती, जीभ बाहेर, डोळे अर्धे, पोट वस्तऱ्यानं साफ केलेलं, आणि मध्यभागी बोटभर शिवण. मास्तर बॉबिनच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. चष्मा वर करून, नाक जवळ नेऊन, त्यांनी ती शिवण तपासली. बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांच्या हातची शिवण कुणी अशी तपासतं का.

मास्तर म्हणाले, "सात टाके. अंतर सारखं आहे. हात चांगला आहे तुमचा. पण प्रत्येक टाका वेगळा बांधलात. एकच दोरा ओवत नेला असता तर लवकर झालं असतं."

बाईंना राग आला नाही, उलट मजा वाटली असावी. त्या म्हणाल्या की मुद्दाम वेगळे बांधते, एखादा सुटला तरी बाकीचे धरून राहतात. मास्तरांनी मान डोलावली, हे त्यांना पटलं. मग त्यांनी विचारलं, आणि ही दोऱ्यांची टोकं अशी लांब का सोडलीत. बाई सांगणार एवढ्यात बाहेर मांजराचा असा आवाज झाला की जणू कुणी कापड टराटरा फाडतंय, आणि कोणीतरी बाई बाई ओरडत आलं. डॉक्टरीणबाई गेल्या त्या गेल्या. जाता जाता बारकीला सांगून गेल्या. दहा दिवस उड्या बंद, आंघोळ बंद, जखम चाटू द्यायची नाही, गळ्यात हे प्लास्टिकचं नळकांडं घाला, दहाव्या दिवशी टाके काढायला आणा.

मास्तरांचा प्रश्न तसाच लोंबत राहिला.

आता ते नळकांडं. बॉबिन ते घालून घरात शिरली आणि पहिल्या दोन मिनिटांत तिनं पाण्याची बादली, बटणांची बरणी आणि आईचा चहा, तिन्ही आडवी केली. बटणं तर अजून सापडताहेत. रात्रभर ती भिंतीला नळकांडं घासत उभी होती, झोप नाही, बसणं नाही. सकाळी मास्तर उठले, न बोलता त्यांनी टेप काढला आणि कुत्रीचं माप घ्यायला लागले. छाती, पोट, पाठीची लांबी, चारही पायांचा घेर. बारकीला आकडे लिहून घ्यायला लावले. कोटाच्या उरलेल्या मऊ अस्तरातून त्यांनी अंगरखा बेतला. पोटावर दुहेरी कापड, पाठीवर बंद, शेपटीला खिडकी. दोनदा ट्रायल झाली. पहिल्या ट्रायलला मागच्या पायाशी काचतंय म्हणून पाव इंच सोडलं. नवरदेवाच्या कोटाचेसुद्धा इतके लाड झाले नव्हते.

बारकीनं डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, नळकांड्याऐवजी हे चालेल का. बाई म्हणाल्या, जखम पूर्ण झाकली जात असेल आणि रोज दोनदा उघडून बघणार असाल तर चालेल.

अंगरखा घालून बॉबिन शांत झोपली. आणि मास्तर बदलले. रोज सकाळ-संध्याकाळ बंद सोडून जखम बघायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, कुणाला हात लावू देईनात. बारकी मनात खूश होती. म्हटलं, बाबा आले आपल्या बाजूला. आता सहा दिवस काढायचे, मग पाच, मग चार, आणि तीन पायऱ्या. बॉबिनला रोज उचलून दुकानातून खाली आणि वर न्यायची ती, अठरा किलोचं धूड, कंबरेचे टाके ढिले व्हायची पाळी, पण पोरगी हसत हसत करायची.

सहाव्या दिवशी सकाळी अंगरख्यावर, पोटाच्या बाजूला, बटणाएवढा लाल डाग दिसला.

बारकीनं बंद सोडले. दुकानात आई होती, मास्तर होते. सात टाक्यांमधले मधले दोन नव्हतेच. तिथली कातडी काजासारखी उघडलेली, आत लालसर ओलं.  बारकीनं वर पाहिलं. मास्तरांचा चेहरा पांढराफटक. ते आता म्हणणार, सांगितलं होतं ना, असं तिला वाटलं, आणि ती वाट बघत राहिली. पण ते काहीच म्हणाले नाहीत. नुसते उभे, ओठ हलतायत आणि आवाज नाही. हे म्हणण्यापेक्षाही वाईट होतं.

मग आईच म्हणाली, बघत काय बसलात दोघं.

बारकीनं बॉबिनला चादरीत घेतलं. मी बघते, म्हणाली, पण या वेळी ते तोंडातल्या तोंडात आलं. ती पायऱ्या उतरली, मागे मास्तर. दोन गल्ल्या संपेपर्यंत बारकी मनातल्या मनात सगळं तपासत होती. उडी मारली का, नाही. चाटलं का, अंगरखा होता. ओलं झालं का, नाही. मग चुकलं कुठे. मास्तर चार पावलं मागून येत होते आणि मध्येच दोनदा त्यांनी "बारके" अशी हाक मारली, आणि तिनं वळून बघितलं की काही नाही, चल म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बॉबिनला टेबलावर घेतलं, दिवा ओढला, बोटांनी हलकेच दाबून बघितलं. आधी महत्त्वाचं सांगितलं. आतली शिवण पक्की आहे, फक्त वरची कातडी उघडलीय, पू नाही, घाबरण्यासारखं काही नाही. बारकीनं सहाव्या दिवसाचा पहिला पूर्ण श्वास तेव्हा घेतला.

मग बाईंनी भिंग घेतलं. एकेक टाका निरखला. मग म्हणाल्या, "हे तिनं केलेलं नाही. कुत्र्यानं चावून काढला तर दोरा कुरतडलेला असतो. इथे राहिलेल्या पाचही टाक्यांची टोकं गाठीला लागून कापलीत. सगळी एका मापात. इतकं सरळ मीसुद्धा कापत नाही. घरी कात्री कोण चालवतं?"

आता टेलरच्या घरच्यांना हा प्रश्न. बारकी हळूहळू वळली. मास्तर दाराशी उभे होते, टेप गळ्यात, आणि नजर स्वतःच्या चपलांवर.

"मी," ते म्हणाले. "परवा संध्याकाळी. दोरे लोंबत होते, अस्तरात अडकत होते. माझ्या दुकानातून लोंबत्या दोऱ्याचा माल बाहेर जात नाही. मला वाटलं तोडायचे राहिलेत तुमच्याकडून, घाईत."

 बॉबिननं तेवढ्यात टेबलाच्या कडेवरून मान पुढे काढून मास्तरांचा हात चाटला, हे म्हणजे जखमेवर मीठच.

डॉक्टरीणबाई रागावल्या, पण त्यांच्या पद्धतीनं, मोजक्या शब्दांत. म्हणाल्या, तुमचा दोरा सुताचा, एकदा गाठ बसली की बसली. हा नायलॉन, गुळगुळीत. टोक नसेल तर गाठ घसरते आणि सुटते. शिवाय दहाव्या दिवशी टाका काढताना त्याच टोकाला धरून काढायचा असतो. ती शेपटं म्हणजे काम अर्धवट राहिलेलं नाही, ती कामाचाच भाग आहेत. मग म्हणाल्या, की त्या दिवशी तुम्ही हेच विचारलं होतं, आणि मी उत्तर न देता गेले. ती चूक माझी.

मास्तरांनी मान वर केली. बाईंनी चूक आपल्याकडे घेतली याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की ते थोडे सरळ उभे राहिले.

जागा बधिर करून, कडा साफ करून, दोन टाके पुन्हा घालायचे होते. धरायला माणूस हवा होता. बारकी पुढे झाली, पण मास्तर म्हणाले, मी धरतो. त्यांनी बॉबिनचं डोकं काखेत घेतलं आणि डोळे सुईवरून हलवले नाहीत. बाईंनी चिमट्यानं दोरा गुंडाळला, ओढला, मग उलट्या बाजूनं गुंडाळला, ओढला. मास्तर पुटपुटले, एक सुलट, एक उलट, म्हणजे बसते होय. बाई हं म्हणाल्या. दुसऱ्या टाक्याला मास्तरांनी आधीच सांगितलं, आता उलट. बाई हसल्या, म्हणाल्या, माझ्याकडे कामाला याल का. मास्तर म्हणाले, तुमच्या दाराचं माप आधी दुरुस्त करा. आणि दोन्ही टाक्यांची टोकं बोटाच्या पेराएवढी लांब, खुशाल लोंबत सोडलेली.

घरी परतताना बॉबिनला मास्तरांनी उचललं. बारकी बाजूनं चालत होती. तिला खूप काही बोलता आलं असतं. सहा दिवस मी जपलं आणि तुम्ही. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण मास्तरच आधी बोलले. सकाळी डाग दिसला तेव्हाच मला कळलं होतं, म्हणाले, कात्री माझीच आहे ते. सांगायचं होतं. वाटेत दोनदा हाक मारली तुला, तोंडच उघडेना. मग वाटलं, तू म्हणशील बाबांनी अटीसाठी मुद्दाम केलं.

बारकी म्हणाली, "बाबा, तुम्हाला लोंबता दोरा दिसला आणि तुम्ही तो तसाच सोडलात असं झालं असतं, तर मला जास्त काळजी वाटली असती."

मास्तर फसकन हसले, इतके की अठरा किलोची बॉबिन हातात हलली. मग गंभीर होऊन म्हणाले की नवीन टाक्यांचे दहा दिवस आजपासून. मागचे सहा दिवस माझ्या मूर्खपणात गेले, ते तुझ्या अटीत धरायचे नाहीत. अट त्यांचीच, आणि मुदत वाढवून देणारेही तेच. बारकीनं ठीक आहे म्हटलं आणि चेहरा शक्य तितका कोरा ठेवला.

त्यानंतरचे दहा दिवस मास्तरांची छोटी कात्री आईच्या ताब्यात होती. जखम बघायची वेळ झाली की आई विचारायची, हात रिकामे आहेत का, दाखवा. आणि मास्तर, घरचे कर्ते, अख्ख्या रस्त्याचे मास्तर, दोन्ही तळहात पुढे करून दाखवायचे.

टाके काढायला तिघं गेली. बाईंनी पाच जुन्यांची बुडखी खोदून खोदून काढली, त्याला वेळ लागला आणि मास्तरांनी ते सगळं खाली मान घालून ऐकलं. दोन नवे टोकाला धरून, एक कात्री, एक ओढ, सुटकन बाहेर. कातडी एकसंध. बाई म्हणाल्या, आता हिला काय हवं ते करू दे.

दुकानाशी आल्यावर बारकीनं बॉबिनचा पट्टा सोडला आणि अंगरख्याचे बंदही सोडले. बॉबिननं अंग झाडलं. मास्तर आत जाऊन टेबलामागे उभे राहिले, कापड पसरलं, खडू घेतला आणि एकही रेघ मारली नाही. कुणी हाक मारायची नाही असं ठरलं होतं. बारकी रस्त्यावर, हात मागे बांधून.

बॉबिन पहिल्या पायरीशी गेली, वास घेतला. सोळा दिवस तिला उचलूनच नेलं होतं, तिला बहुतेक वाटलं आताही उचलतील. तिनं बारकीकडे पाहिलं. बारकीनं दुसरीकडे बघितलं. हे सगळ्यात अवघड होतं तिला, पण बघितलं. मग रस्त्याच्या पलीकडून तो खांद्यावर पांढरा ठिपकावाला आला, उगीच, चालत चालत, जवळ येऊन हुंगलं, आणि त्याला त्याच्या कामाचं काही सापडलं नाही असा चेहरा करून पुढे निघून गेला. बॉबिननं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती वळली, आणि एक, दोन, तीन, जशी काही कधी थांबलीच नव्हती. टेबलाखाली एक पांढरं रीळ पडलं होतं. तिनं ते नाकानं बाजूला ढकललं, कारण ते नेमकं तिच्या जागेवर होतं, आणि मास्तरांच्या पायावर हनुवटी टेकली.

मास्तरांनी रेघ मारली. सरळ आली.

अटीबद्दल ते काही बोलले नाहीत, बारकीनंही काढलं नाही. दोनतीन आठवड्यांनी एक बाई पायऱ्या चढून आल्या, हाताशी पांढरी केसाळ कुत्री. म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी पाठवलंय, पुढच्या आठवड्यात हिचं ऑपरेशन आहे, इथे अंगरखा शिवून मिळतो म्हणाल्या. आणि मग एकामागून एक सुरूच झाल्या. उपाशी किती वेळ ठेवायचं, दुखतं का फार, घरी सासूबाई म्हणतात कशाला मुक्या जीवाला त्रास, त्यांना काय सांगू, तुम्ही कसं केलंत सगळं.

मास्तरांनी टेप काढला आणि कुत्रीच्या छातीला लावला. "अंगरखा मी शिवीन. बाकीचं हिला विचारा," त्यांनी मानेनं मशीनकडे दाखवलं, जिथे बारकी बसली होती. "आमच्याकडे ते सगळं ही बघते."

बारकीचा पाय पॅडलवर होता तिथेच थांबला. मास्तर माप घेत पुढे सरकले, बाईंनी हुश्श केलं, आणि मग मास्तरांना काहीतरी आठवलं. त्यांनी मान वर केली.

"फक्त एक माझ्याकडून ऐकून ठेवा. टाक्यांची टोकं लोंबताना दिसतील. दिसू देत."